कुलाब्याची वेधशाळा बघायला निघालो आणि ती निघाली अलिबागला

खारीबिस्कीट
नमस्कार मंडळी. थोडी माहिती हवी आहे आणि थोडं स्वतःचं हसं करून घ्यायचं आहे. दोन्ही एकाच धाग्यात उरकते.

लेक कलिना कॅम्पसला एम. एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट घेतलंय १८५९ च्या सौरवादळावर, म्हणजे सूर्यावरच्या स्फोटाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरतं त्यावर. महिनाभर घरात जेवताना, भांडी विसळताना, दिवा मालवल्यावरही तेच चाललंय. एक दिवस म्हणाला, "आई, त्या वादळाची सगळ्यात कामाची नोंद कुठे झाली माहितीये? आपल्या कुलाब्यात." मला उगाचच भरून आलं. म्हटलं चल, बघूनच येऊ, मी डबा करते.

रविवारी सीएसएमटीला उतरून बस धरली आणि आर. सी. चर्चला उतरलो. पुढे सगळा नेव्हीचा भाग. मोबाईल हातात धरायचीसुद्धा धास्ती. हवामान खात्याच्या फाटकाशी गेलो, तर तिथल्या गृहस्थांनी एकदा आमच्याकडे आणि एकदा डब्याच्या पिशवीकडे बघितलं. "इथे पाऊस मोजतात मॅडम. ते चुंबकाचं काम इथून हलून शंभर वर्षं होऊन गेली. अलिबागला जा." एवढं शांतपणे म्हणाले की राग काढायलाही जागा उरली नाही.

येताना अफगाण चर्चच्या आवारात बसून थालीपिठं खाल्ली. लेक माझ्याशी परळ येईपर्यंत बोलला नाही, कारण "आधी नीट वाचून घे" हे मीच त्याला सांगितलं होतं.

तर विचारायचं असं की अलिबागला खरंच काही आहे का? आत सोडतात का? आणि विज्ञानातलं ओ की ठो न कळणाऱ्या बाईला तिथे बघण्यासारखं काय?

टाचणी
हसून हसून पुरेवाट. पिशवीकडे बघितलं ते थालीपिठाच्या वासाने असेल.

आगाशीतला नारळ
ताई, मी अलिबागचा. तुमची चूक नाही, नावांचाच घोळ आहे. मुंबईत एक कुलाबा, आमच्या समुद्रात एक कुलाबा किल्ला, आणि १९८१ साली रायगड नाव पडेपर्यंत आमच्या अख्ख्या जिल्ह्याचं नाव कुलाबाच. म्हणजे वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यातून उठली ती कुलाबा जिल्ह्यात येऊन बसली. पत्त्यातला कुलाबा काही सुटला नाही.

आमच्याकडे चुंबकीय वेधशाळा म्हणतात, समुद्रावर जाताना लागते. मी लहानपणी तिच्या कुंपणाला लागून क्रिकेट खेळलोय. आत काय आहे ते खरं सांगायचं तर चाळिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं.

वहीवाला
धागा चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर खाली सरका.

कुलाब्याची वेधशाळा कंपनी सरकारने १८२६ साली उभारली ती आकाशासाठी आणि घड्याळासाठी. बंदरात आलेल्या जहाजाला आपलं क्रोनोमीटर बिनचूक लावून घ्यायला लागायचं. घड्याळ चुकलं की रेखांश चुकला, रेखांश चुकला की जहाज खडकावर. चुंबकाच्या नोंदी सुरू झाल्या १८४१ पासून, एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली.

आता १८५९. १ सप्टेंबरला इंग्लंडात रेडहिलला रिचर्ड कॅरिंग्टन नेहमीप्रमाणे सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत बसला होता. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास डागांच्या एका घोळक्यावर दोन पांढरेशुभ्र ठिपके झळकले आणि पाचेक मिनिटांत विरून गेले. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला तडाखा बसला. तिकडे अमेरिकेत तारायंत्राच्या तारांतून ठिणग्या उडाल्या, काही ठिकाणी बॅटरी काढून ठेवूनही संदेश जात राहिले, आणि एरवी ध्रुवाकडे दिसणारे रंगीत प्रकाश क्यूबापर्यंत दिसले. आपल्याकडे तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती.

गंमत पुढे आहे. लंडनजवळ ग्रिनिचला आणि क्यूला तेव्हा आपोआप फोटोकागदावर रेष उमटवणारी यंत्रं होती. वादळ इतकं मोठं की रेष कागदाच्या बाहेरच गेली. कुलाब्यात असलं यंत्र नव्हतं, ते १८७० च्या आसपास आलं. १८५९ ला इथे चुंबक टांगलेला, त्याला आरसा चिकटवलेला, आणि समोर दुर्बिणीला डोळा लावून माणूस बसलेला. आरशात दिसणाऱ्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. एरवी तासातासाला, आणि चुंबक बिथरला की दर पाच-पंधरा मिनिटांनी. यंत्राची रेष कागदाबाहेर गेली, पण माणूस पट्टी जाईल तिथवर बघत राहिला.

त्या वहीतल्या आकड्यांनुसार पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक, म्हणजे जमिनीला समांतर भाग, दोनेक तासांत १६०० नॅनोटेस्लाच्या (हे क्षेत्र मोजायचं एकक) आसपास घसरला. अंदाज यावा म्हणून सांगतो, मुंबईत हा घटक आज साधारण ३८ हजार आहे, आणि एखादं जोरदार वादळ शे-दोनशेने हलवतं. २००३ साली नासाच्या ब्रूस त्सुरुतानींनी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लखिना वगैरेंनी या जुन्या नोंदी बाहेर काढून अभ्यास छापला, तेव्हापासून जगभर कॅरिंग्टन वादळाची गोष्ट कुलाब्याशिवाय पुरी होत नाही. विषुववृत्ताच्या बाजूच्या प्रदेशात इतक्या बारीक अंतराने त्या वादळाची नोंद दुसरीकडे नाही.

स्पष्टवक्ता
लेख छान, पण १६०० चा आकडा जरा सांभाळून. तो एका टोकाचा क्षण आहे. आजच्या पद्धतीने तासाची सरासरी धरली की ८५० ते १०५० च्या दरम्यान येतो असं नंतरच्या अभ्यासांत आहे. शिवाय ती एका ठिकाणची नोंद. डोक्यावर आकाशात वाहणाऱ्या स्थानिक विद्युतप्रवाहांचा त्यात हात किती, यावर अजून भांडणं चालू आहेत. आपल्याकडचं म्हटलं की आपण लगेच ढोल वाजवतो.

वहीवाला
मान्य. मुलाने प्रोजेक्टमध्ये दोन्ही आकडे द्यावेत, गुण वाढतील. पण तुमचा खालचा आकडा घेतला तरी मार्च १९८९ चं वादळ याच मापात ५८९ चं होतं, आणि त्याने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली होती. तेव्हा ढोल नाही तर नाही, टाळ तरी वाजवू द्या.

स्पष्टवक्ता
टाळ चालेल.

फुलपाखरी
पण मग एवढी चांगली चाललेली वेधशाळा हलवली कशाला? जागेचे भाव?

वहीवाला
ट्राम.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या. घोडा चुंबकाला त्रास देत नाही. विसावं शतक उजाडताना त्या विजेवर चालवायचं ठरलं. विजेच्या ट्राममध्ये वरच्या तारेतून आलेला प्रवाह रुळांतून परत जातो, आणि रूळ जमिनीवर असल्याने त्यातला काही मुकाट जमिनीत झिरपतो. त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. म्हणजे सूर्याने चुंबक हलवला की कुलाबा कॉजवेवरून जाणाऱ्या ट्रामने, हे वहीत कळणारच नाही.

तेव्हा संचालक होते नानाभॉय मूस, या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक, १८९६ पासून. त्यांनी समुद्रापलीकडे तीसेक किलोमीटरवर अलिबाग शोधलं आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू केल्या. मला या माणसाची एक गोष्ट फार आवडते. त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी माळ आणि नवी माळ जुळवता येईल. घर बदलताना आपण कुकरची शिटी हरवतो, आणि या माणसाने साठ-पासष्ट वर्षांच्या नोंदींचा धागा तुटू दिला नाही. विजेची ट्राम प्रत्यक्ष धावली ७ मे १९०७ ला. मूस त्याआधीच मोकळे झाले होते. १९१० मध्ये त्यांनी या सगळ्या नोंदींचे दोन जाडजूड खंड काढले.

आणि ट्राम आली नसती तरी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल सुरू झालीच. कुलाब्याचं काही खरं नव्हतं.

पार्ल्याचे काका
मी त्या ट्राममधून फिरलेला माणूस आहे, म्हणून दोन ओळी. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम गेली, तेव्हा मी कॉलेजात होतो. आज तुम्ही पोरं 'दादर टीटी' म्हणता, त्यातला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. आम्ही मजेत बसायचो खडखडाट ऐकत. त्या गाडीने एक वेधशाळा हाकलली होती हे मला आज, ऐंशीच्या घरात, कळतंय.

अवांतर: कुलाब्याच्या घड्याळावरून आठवलं. आमच्या वडिलांच्या तोंडी 'मुंबई टाइम' असायचा. १९०६ ला देशाची प्रमाणवेळ आली तरी मुंबई हट्टाने आपली वेळ ३९ मिनिटं मागे ठेवून होती, ती १९५५ पर्यंत. लग्नपत्रिकेत मुहूर्त 'स्टँ. टा.' लिहावा लागे, नाहीतर अर्धं वऱ्हाड अक्षता पडून गेल्यावर उगवायचं. वडील स्वतः एकदा असे उगवले होते, आणि ते लग्न त्यांच्या सख्ख्या मेव्हणीचं होतं. आईने ते शेवटपर्यंत ऐकवलं.

टाचणी
काका, मेव्हणीच्या लग्नावर वेगळा धागा काढा.

निळी छत्री
मला एवढंच ठाऊक होतं की पावसाळ्यात बातम्यांत 'कुलाबा इतके मिलिमीटर, सांताक्रूझ इतके मिलिमीटर' सांगतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ आणि कुलाब्याला जेमतेम ७३. मी त्या दिवशी कलिन्याला छातीभर पाण्यात होते आणि नरिमन पॉइंटचा साहेब फोनवर विचारत होता, उद्या येतेस ना? तेव्हापासून कुलाबा या नावावर माझा राग आहे. आज थोडा कमी झाला.

नागावकर
एक महत्त्वाचा माणूस राहिला. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. जन्म १८२५, आमच्या नागावचा, अलिबागपासून हाकेच्या अंतरावर. पोरका मुलगा नातेवाइकांनी मुंबईला शिकायला नेला. गणितातली त्याची बुद्धी ऑर्लेबार साहेबाच्या डोळ्यांत भरली आणि पंधरा-सोळाव्या वर्षी कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरी लागली, दरमहा पन्नास रुपये. तिथे दहाएक वर्षं काढली. पुढे पुण्याला गणिताचे प्राध्यापक, ग्रहसाधनाची कोष्टकं केली, पंचांग सुधारायचा खटाटोप केला. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी.

सांगायचं असं की नागावचं पोर नोकरीला कुलाब्याच्या वेधशाळेत गेलं आणि साठ वर्षांनी वेधशाळा नागावच्या शेजारी आली. छत्रे १८८४ ला गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. आमच्याकडे येणारे पर्यटक मात्र नागावला पॅरासेलिंग करून जातात.

आगाशीतला नारळ
नागावकर, मी तीस वर्षं शेजारी राहून हे ऐकलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

ताई, आता कामाचं. गेटवेवरून मांडव्याला लाँच धरा, पुढे अलिबागपर्यंतची बस तिकिटातच असते. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरची रो-रो. शनिवार-रविवार टाळा, मांडव्याला परतीची रांग बघून रडू येतं. वेधशाळा म्हणजे संग्रहालय नव्हे, रोजचं काम चालतं तिथे. न सांगता गेलात तर पुन्हा फाटकावर थालीपीठ. कॉलेजच्या लेटरहेडवर पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेला आधी लिहा, ही त्यांचीच वेधशाळा. कुलाबा किल्ला करायचा असेल तर ओहोटीची वेळ बघून ठेवा, नाहीतर घोडागाडी. आणि अंगावर कमीत कमी लोखंड.

खारीबिस्कीट
सगळ्यांचे आभार. लेकाने पत्र पाठवलंय. 'अंगावर लोखंड' म्हणजे काय हो? मी काय चिलखत घालून फिरते?

आगाशीतला नारळ
कळेल.

खारीबिस्कीट
तीन आठवड्यांनी वर आणतेय धागा. जाऊन आलो! परवानगी मिळाली, मधला वार धरला, लाँचवर सीगलना कुरकुरे घालणाऱ्या लोकांशी लेकाने भांडण केलं, सगळं यथासांग झालं.

वेधशाळेत शिरल्यावर आधी वाटलं एवढंच? झाडं, मोकळं आवार, बुटक्या दगडी इमारती. गेट वे ऑफ इंडिया बघून निघालेल्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. ज्या साहेबांनी दाखवलं त्यांनी सांगितलं की बांधकामाला पोरबंदरचा दगड आणला, कारण आपला सह्याद्रीचा काळा दगड स्वतःच थोडा चुंबकी असतो. लोखंडाचा खिळासुद्धा नको म्हणून तांबं-पितळ. भिंती जाड, आतली हवा थंड-गरम होऊ नये म्हणून. सध्या जिथे नोंदी चालू आहेत त्या खोलीकडे आम्हाला लांबूनच बोट दाखवलं, आणि ते बरोबरच आहे.

जुन्या खोलीच्या दाराशी एक लाकडी ट्रे. मोबाईल, किल्ल्या, लेकाचा पट्टा, त्याचं ते हातातलं कडं, माझं घड्याळ, स्टीलचा डबा (होय, पुन्हा डबा) सगळं तिथे. मी आत पाऊल टाकणार तोच साहेब अगदी संकोचून म्हणाले, "ताई, पिना." ओढणीला दोन सेफ्टी पिना होत्या आणि एक कुर्त्याला आतून, इमर्जन्सीची. काढल्या. एक त्यांनी मागून घेतली.

आत त्यांनी दाखवायला ठेवलेला एक छोटा चुंबक होता, बारीक धाग्याला टांगलेला, त्याला नखाएवढा आरसा. आरशावर दिव्याची तिरीप सोडलेली आणि समोरच्या भिंतीवर प्रकाशाचा एक ठिपका. ठिपका आधी डुलत होता, मग ठरला. आम्ही तिघे श्वास धरून. साहेबांनी माझी ती पिन हातात धरून तीन-चार पावलांवरून पुढे आणायला सुरुवात केली. हात चुंबकापासून वीतभरावर आला असेल, आणि ठिपका भिंतीवर सरकला. टुणकन नाही, मांजर अंग चोरून सरकतं तसा. पिन मागे नेली, ठिपका परत जागेवर. बारा आण्याची पिन हो! काका, तुमची ट्राम आठवली. ती काय करत असेल त्या बिचाऱ्या चुंबकाचं!

आरसा, तिरीप, आणि भिंतीच्या जागी गोल फिरणाऱ्या नळकांड्यावर फोटोचा कागद. कागद दिवसात एक फेरी करायचा, रोज नवा लावायचा, धुवायचा, तारीख घालायची. आता इलेक्ट्रॉनिक यंत्रं सेकंदासेकंदाला नोंदतात, पण जुने कागदही जपलेत. एक बघायला मिळाला. एकच तपकिरी रेष, डोंगररांगेसारखी, आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी टपोऱ्या अक्षरात तारीख. मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी कोण करायचं हे? साहेब म्हणाले, "सूर्याला सुट्टी नसते." लेक हसला. मला नाही हसू आलं. माझी आई शिक्षिका होती आणि दर दिवाळीत हजेरीपट जुळवत बसायची ती डोळ्यांपुढे आली.

मे २०२४ मध्ये लडाखच्या हानले इथून लाल आकाशाचे फोटो आले होते ना, त्या वादळाचा आलेखही पडद्यावर दाखवला. १८५९ पुढे तेही लहान भावंडच. लेकाने तासभर प्रश्न विचारले, मी बाहेर येऊन बकुळीखाली बसले. थालीपीठ साहेबांनीही खाल्लं.

नागावकर, येताना तुमच्या गावावरून गेलो. केरूनानांचं नाव घेतलं तर रिक्षावाल्याने विचारलं, कुठलं रिसॉर्ट?

नागावकर
अपेक्षित.

वहीवाला
पिनेचा प्रयोग वाचून समाधान झालं. मुलाला सांगा, प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर तो ठिपका काढ, कॅरिंग्टन नंतर येऊ दे.

पार्ल्याचे काका
बारा आण्याला पिन आता मिळत नाही, पण भाव पोचला. छान लिहिलंस.

खारीबिस्कीट
अजून एक राहिलं. मुलुंडला रात्री साडेनऊला दाराशी उभं राहून पर्स उपसली तेव्हा लक्षात आलं की मोबाईल, पट्टा, कडं, घड्याळ, डबा सगळं ट्रेमधून उचललं, घराची किल्ली तेवढी राहिली. शेजारच्या वहिनींकडे दुसरी होती म्हणून झोपायला मिळालं. लेक म्हणतो आता ती अलिबागच्या नोंदीत कायमची दिसेल.

आगाशीतला नारळ
ताई, दिसणार नाही, ट्रे बाहेर असतो. सकाळी जाऊन आणतो. गुरुवारी मी दादरला येतोय. किल्लीला खूण काय?

खारीबिस्कीट
लाल लोकरीचा गोंडा. देव तुमचं भलं करो. दादरला कुठे भेटू?

आगाशीतला नारळ
टीटीला.